देवराई, सभामंडप आणि एक प्रशिक्षणार्थी : पर्यावरण नेतृत्व प्रशिक्षणातलं एक प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या घाटपायथ्याच्या एका गावातलं आहे. गाव, देवस्थान, प्रशिक्षण देणारी संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी या प्रशिक्षणात क्षेत्र-मार्गदर्शक होतो. महाविद्यालयीन मुलांना गावात पाठवणाऱ्या इतर मार्गदर्शकांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

प्रशिक्षण नऊ महिन्यांचं. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन निवासी शिबिरं, मधल्या काळात एका गावात राहून प्रकल्प आणि शेवटी परीक्षकांसमोर सादरीकरण. शिबिरात गावाचा नकाशा लोकांकडून काढून घ्यायला शिकवतात. कोणत्या प्रश्नात कोणाचे हितसंबंध आहेत ते मांडायला, माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला, बातमीदाराशी बोलायला आणि मोहीम आखायलाही शिकवतात. शेवटच्या दोन गोष्टींना मुलं लगेच भिडतात, आणि प्रशिक्षकही त्यातच रंगतात. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘पोहोच’ नावाचा एक रकाना होता. तुमचा विषय किती लोकांपर्यंत गेला, यावर त्यात गुण असत.

आमची प्रशिक्षणार्थी इचलकरंजीची. वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. तिने विषय निवडला तो देवराईतल्या वनस्पतींची सूची. साधा आणि वेळेत होण्यासारखा, त्यामुळे आम्हीही लगेच मान्य केला. गावातली निम्मीअधिक घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असतात. ती ज्या काकींकडे राहिली त्यांचे दोन्ही मुलगे नालासोपाऱ्याला. सुरुवातीला गावाने तिला ‘घाटावरची मॅडम’ केलं. ‘मॅडम’ची ‘बाय’ व्हायला बरेच दिवस गेले, आणि त्याला कारण तिचं शास्त्र नव्हे. काकींबरोबर विहिरीवर जाऊन ती पाणी शेंदायची, ते लोकांनी पाहिलं होतं.

देवराई ग्रामदेवतेच्या देवळाभोवतीची, चारेक एकरांची. कुऱ्हाड नाही, कोयता नाही, पडलेलं लाकूडसुद्धा देवकार्याखेरीज उचलायचं नाही, असा जुना दंडक. कोकणात नि सह्याद्रीत अशा राया शेकड्यांनी आहेत. 1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हापासून त्यांचं मोल शास्त्राच्या भाषेतही मांडलं जाऊ लागलं. या राईत ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, कुंभा, सुरंगीची दोन झाडं, आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली. राईच्या पायथ्याशी एक झरा. त्याचं पाणी खालच्या वाडीला मे महिन्यापर्यंत पुरतं. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं जंगल अगदी थोडं, बहुतेक रान खाजगी मालकीचं. भोवतालचं रान पंधरा-वीस वर्षांनी एकदा ठेकेदाराला जातं, पुन्हा फुटतं, पुन्हा जातं. जुनी, पोकळ, ढोलीची झाडं उरतात ती राईतच.

पेच कुठे होता

फेब्रुवारीच्या शेवटी ती राईच्या पूर्वेच्या बाजूला यादी करत होती. तिथल्या खोडांवर छातीच्या उंचीला चुन्याचे पट्टे ओढलेले दिसले. मोजले तर चाळिसाच्या आसपास झाडं निघाली. त्यातलं एक बेहड्याचं, चार माणसांच्या कवेतही न मावणारं. त्याच्या बुंध्याशी पालापाचोळ्यावर एकाच जागी उंबराच्या आणि वडाच्या बियांचा, विष्ठेचा थर साचला होता. वर पाहिलं तर पंचवीस-तीस फुटांवर ढोली, तिचं तोंड चिखलविष्ठेने लिंपलेलं आणि मधे उभी फट. ती तिथेच बसून राहिली. तासाभराने काळापांढरा मोठा पक्षी फडफडाट करत आला. ढोलीच्या कडेला नखं रोवून त्याने मान हलवली आणि घशातून एकेक फळ वर काढून त्या फटीत द्यायला सुरुवात केली. आतून फक्त चोचीचं टोक दिसत होतं. एक फळ खाली पडलं, ते त्याने तसंच सोडलं.

तो मलबारी कवड्या धनेश होता. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि जवळपास तीन महिने आतच राहते. तिचं नि पिल्लांचं पोट नर भरतो. त्या काळात झाड पडलं तर आतल्यांना बाहेर पडायलाच वाट नसते. आणि झाडं तोडायची ठरली होती ती शिमगा झाल्यावर, पावसाच्या आत. म्हणजे नेमके तेच तीन महिने.

संध्याकाळी काकींनी बाकीचं सांगितलं. देऊळ जांभ्याचं, वर नळ्याची कौलं, आत लाकडी खांब. वासे किडले होते, आणि नवरात्रात पाऊस लागला की घटापर्यंत गळायचं. देवस्थान समिती आणि मुंबई मंडळ, म्हणजे मुंबईकडे राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ, यांनी मिळून जीर्णोद्धार ठरवला होता: पुढे आरसीसीचा सभामंडप, पूर्वेकडून देवळापर्यंत गाडी येईल असा रस्ता, पुढ्यात पेव्हर ब्लॉक. वर्गणी जमली, पण पुरेशी नाही. तूट भरायला पूर्वेकडची झाडं ठेकेदाराला द्यायची. रस्त्याला जागा होते आणि पैसेही मिळतात. ठेकेदाराने पन्नास हजारांचा विसार दिलेला होता.

समितीच्या अध्यक्षांना खलनायक करावं असं त्यात काही नव्हतं. ते मुंबईत गिरणीत होते. 1982च्या संपानंतर परत आले आणि थोड्या शेतीवर घर उभं केलं. देवीने त्या वर्षांत तारलं, तिच्या डोक्यावर धड छप्पर असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. गाडीरस्त्याचा आग्रहही पोकळ नव्हता. गावात उरलेली माणसं साठीच्या पुढची, आणि पालखीच्या वेळी पाखाडी, म्हणजे देवळाची चढणीची पायवाट, चढताना दरवर्षी कोणीतरी घसरतंच. आमच्या शिबिरातल्या तक्त्यात मात्र ‘विरोधक’ नावाची एक चौकट होती, आणि तिने पहिल्या रात्री अध्यक्षांचं नाव त्या चौकटीत लिहिलं.

समोर असलेले पर्याय

तिच्या फोनमध्ये धनेशाचं चाळीस सेकंदांचं चित्रीकरण होतं. तुकडीतल्या मित्रमैत्रिणींनी तासाभरात मोहिमेचं नावसुद्धा सुचवलं. तो पर्याय सगळ्यात जवळचा: चित्रफीत टाकायची, ऑनलाइन सह्या घ्यायच्या, एखाद्या दैनिकाच्या जिल्हा पानावर बातमी आणायची. परिणाम लवकर दिसला असता. पण ढोलीची जागा जगजाहीर झाली असती, आणि ‘देवीच्या गावाची बदनामी’ हा विषय झाला की झाडांचा विषय संपला असता. शिवाय ती राहत होती काकींच्या घरी. ती निघून गेल्यावर काकींना त्याच वाडीत राहायचं होतं.

दुसरा पर्याय कायद्याचा, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. 1964च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याला अनुसूची आहे. त्यातली झाडं खाजगी जागेतली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हिरडा, साग, आंबा, फणस, खैर, जांभूळ, ऐन, किंजळ ही त्यातली नावं. बेहडा त्या यादीत नाही. म्हणजे या कायद्यावर विसंबलं असतं तर ऐन-किंजळ अडले असते आणि ज्याच्यासाठी ती धावपळ करत होती ते झाड मोकळं सुटलं असतं. त्याला आडकाठी करणारा कायदा वेगळा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा धनेश पहिल्या अनुसूचीत आहे, आणि पक्ष्याचं घरटं किंवा अंडी छेडणं हे त्या कायद्याने शिकारीतच धरलं आहे. तक्रार केली असती तर तोड थांबली असती, निदान मेअखेरपर्यंत. त्यानंतर काय, हा प्रश्न उरतोच. आणि ‘ढोली असलेलं झाड म्हणजे सरकारची ब्याद’ एवढंच गावाच्या लक्षात राहिलं असतं, तर पुढच्या वर्षी ढोली कोणी कोणाला दाखवली नसती.

तिसरा पर्याय जैवविविधता कायद्याचा. 2002च्या या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली होती, आणि या गावातली नोंदवही त्याच धावपळीतली. तीत राईचा उल्लेख एका ओळीत, झरा नाही, पक्षी नाहीत. समितीत आपलं नाव आहे हे दोन सदस्यांना तिच्याकडूनच कळलं. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची जंगली जायफळांची पाणथळ राई याच कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळ झाली आहे. ते उदाहरण तिला माहीत होतं. पण तिथल्या लोकांनी राई आधीपासून देवाच्या नावाने राखली होती, दर्जा नंतर आला. इथे ठेकेदाराची माणसं महिन्याभरात कटर घेऊन येणार होती.

चौथा पर्याय देवस्थानशी आणि मुंबई मंडळाशी बोलण्याचा. तो सगळ्यांना बरोबर वाटत होता आणि कसा करायचा ते कोणालाच सुचत नव्हतं. एकवीस वर्षांची परगावची मुलगी, देवस्थानच्या बैठकीत तिला जागाच नव्हती.

पाचवा, यादी पूर्ण करून निघून येण्याचा. तो कोणी बोलून दाखवला नाही, पण होता. परीक्षा एप्रिलमध्ये होती.

काय केलं

पहिला निर्णय त्याच रात्री फोनवर झाला. चित्रफीत लगेच टाकू नये असं मी सुचवलं, ‘टाकू नकोस’ असा हुकूम केला नाही. अशा वेळी काय करावं याचा प्रशिक्षणात लेखी नियम नव्हता, आणि मागून केलेल्या हुकमाने ती पुढच्या वेळी फोनच न करण्याची शक्यता जास्त होती. दोन गोष्टी ठरल्या. शिमग्यापर्यंत काही प्रसिद्ध करायचं नाही. आणि शिमग्यानंतर कटर राईत आलाच, तर वाट न बघता वनखात्याला कळवायचं, ते मी कळवायचं, तिने नाही. ही दुसरी अट महत्त्वाची होती. बोलणी फसली तरी पक्ष्याचा जीव बोलण्यांवर टांगलेला राहणार नव्हता, आणि तक्रारदार म्हणून तिचं नाव गावात येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तलाठ्याकडे गेली. सातबारा काढल्यावर कळलं की देऊळ आणि पुढचं अंगण एका गटात, देवस्थानच्या नावे. राईचा बाकीचा भाग दुसऱ्या गटात. तिथे कब्जेदार महाराष्ट्र शासन आणि इतर हक्कात देवरहाटीची, म्हणजे देवराईची, नोंद. पट्टे ओढलेली जवळजवळ सगळी झाडं या दुसऱ्या गटातली. थोडक्यात, समिती विकायला निघाली होती ती झाडं विकण्याचा तिला अधिकारच नव्हता.

इथे पेच सुटण्याऐवजी वाढला. हा कागद तिने चव्हाट्यावर आणला असता तर तोड त्या दिवशी थांबली असती. पण कोकणात अनेक गावांना देवरहाटीची जमीन सरकारच्या नावावर कशी गेली याची जुनी सल आहे. ‘राई सरकारची आहे’ असं परगावच्या मुलीने सांगणं म्हणजे गावाने पिढ्यान् पिढ्या राखलेलं एका वाक्यात काढून घेणं. तिने कागद दाखवला तो फक्त देवीची पूजा करणाऱ्या गुरवआजोबांना. ते वाचून म्हणाले, “ह्ये अध्यक्षाला मी सांगतो. तू सांगितलंस तर भांडण, मी सांगितलं तर सल्ला.” या प्रकरणातला सगळ्यात नेमका निर्णय माझ्या मते हा. हातात हुकमाचं पान असताना ते दुसऱ्याच्या हातात देण्याचा.

अध्यक्ष ऐकून गप्प झाले, पण हलले नाहीत. विसार घेतलेला होता आणि मुंबईकरांना शब्द दिलेला. त्यामुळे ती डोंबिवलीला गेली, मंडळाच्या मासिक सभेला. ओळख काकींच्या धाकट्या मुलाने करून दिली. शाळेच्या वर्गात सभा, बाकांवर बसलेले पन्नाशीचे पुरुष, मागे चार-पाच तरुण. ती धनेशावर पाच मिनिटं बोलली, लोकांनी कौतुकाने ऐकलं आणि वर्गणीच्या हिशेबाकडे वळले. चित्रफीतही दाखवली. एकाने विचारलं, “मंडप नको म्हणतेस का?”

सभा फिरली ती झऱ्यावर. खालच्या वाडीतल्या एका गृहस्थांनी सहज विचारलं की रस्ता नेमका कुठून येतो. तिने जमिनीवर खडूने काढून दाखवलं, तर भर टाकायची जागा झऱ्याच्या वरच्या अंगाला येत होती. खालच्या वाडीच्या वर्गणीदारांनी हा रस्ता कागदावर कधी पाहिलाच नव्हता. पुढचा अर्धा तास सभेत वाडीविरुद्ध वाडी असा वाद झाला आणि ती बाजूला उभी राहिली. तिच्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: “मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.”

तो वाद तसाच राहिला असता तर मंडपच रखडला असता आणि खापर तिच्यावर फुटलं असतं. मागे बसलेल्या तरुणांपैकी एक सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, एका बांधकाम व्यावसायिकाकडे साइटवर काम करणारा. त्याने आराखडा नव्याने काढायची तयारी दाखवली. पुढच्या रविवारी तो गावात आला. दोघांनी टेप धरून अंगण मोजलं आणि नवा नकाशा काढला. मंडप पूर्वेकडे लांब न काढता अंगणातच आडवा, आकाराने लहान. गाडीरस्ता देवळापर्यंत न आणता खालच्या सहाणेपर्यंत, जिथे शिमग्याला पालखी बसते. सहाणेपासून देवळापर्यंतच्या पाखाडीला चिऱ्यांच्या रुंद पायऱ्या आणि लोखंडी कठडा. म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न यात मूळ आराखड्यापेक्षा जास्त सुटत होता, कारण मूळ रस्त्याचा चढ पावसाळ्यात दुचाकीलाही अवघड गेला असता. खर्चही कमी होत होता. ठेकेदाराचे पैसे गेले तरी तूट आवाक्यात येत होती.

राहिला विसार परत करण्याचा प्रश्न, म्हणजे शब्द मोडण्याचा. इथे गुरवआजोबांनी कौलाचा विषय काढला.

कौलाबद्दल आमच्याकडे नंतर पुष्कळ चर्चा झाली, म्हणून थोडं थांबतो. देवीच्या पाषाणाला कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुकडीतल्या काहींना हे ऐकून धास्ती वाटली: झाडांचं भवितव्य फुलाच्या कळीवर? काहींना उलट वाटलं, की ही युक्तीच आहे, श्रद्धेचा वापर. मला दोन्ही आक्षेप अपुरे वाटतात. गुरवआजोबांनी कौल लावायला आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत ते चारही मानकऱ्यांच्या घरी जाऊन आले, नकाशा प्रत्येकाला दाखवला, अध्यक्षांबरोबर दोनदा बसले. गाऱ्हाण्याचे शब्दसुद्धा आधी ठरले: ‘राईला हात न लावता तुझा मंडप करतो, मान्य करून घे.’ ‘झाडं तोडू का’ असं विचारायचं नाही, असं सर्वांच्या संमतीने ठरलं. निर्णय माणसांनीच घेतला होता. दिलेला शब्द मागे घेताना कोणाची मान खाली जाऊ नये, एवढं काम कौलाचं. पण त्यात जोखीम खरी होती. डावी कळी पडली असती तर तोडीला देवीचीच मान्यता मिळाली असती, आणि मग आमच्याकडे तक्रारीशिवाय काही उरलं नसतं. आजोबांना ती जोखीम ठाऊक होती. त्यांनी ती घेतली, कारण त्यांच्या लेखी तो देखावा नव्हता.

ती त्या वेळी देवळाबाहेर पायरीवर बसली होती. आत बरंच थांबावं लागलं. उजवी कळी पडली.

निष्पत्ती

विसार परत गेला. मंडप नव्या नकाशाप्रमाणे झाला. अंगणाच्या गटातली सात झाडं तोडावी लागली. त्यातले ऐन आणि किंजळ रीतसर परवानगी घेऊन. त्यांतला एक ऐन चांगला जुना होता. पेव्हर ब्लॉक बसलेच. त्या बाबतीत कोणी ऐकलं नाही, आणि तिने आग्रहही धरला नाही. बेहडा उभा आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात ढोलीचं लिंपण फुटलेलं काकींच्या नातवाने पाहिलं. त्याने फोटो पाठवला तो अध्यक्षांना, आणि अध्यक्षांनी तिला.

पण ठेकेदार रिकाम्या हाताने गेला नाही. राईला लागून असलेलं खाजगी रान त्याने त्याच हंगामात दोन खातेदारांकडून घेतलं आणि तोडलं. अनुसूचीतल्या झाडांच्या परवानग्या काढल्या, बाकीचं जळावू म्हणून गेलं. सगळं कायदेशीर. त्या रानात उंबर होते आणि एक मोठा वडही. ढोली राखली गेली आणि दाणापाणी शेजारून गेलं. पुढच्या हंगामात नर-मादी राईत फिरताना दिसली, त्या ढोलीत मात्र बसली नाहीत. याचं कारण शेजारची तोड, बांधकामाचा आवाज की आणखी काही, हे ठामपणे सांगता येणार नाही.

अंतिम सादरीकरणात तिला मध्यम गुण मिळाले. ‘पोहोच’च्या रकान्यात जवळजवळ काही नव्हतं: सह्या नाहीत, बातमी नाही, चित्रफीत मंडळाच्या सभेपुरती. एका परीक्षकाने विचारलं, की यात तुझं नेतृत्व कुठे दिसतं, निर्णय तर गुरवांनी घेतला. तिने उत्तर दिलं, “सातबारा मी काढला, नकाशा त्या दादाने काढला, बाकी त्यांच्या गावाचं त्यांनी केलं.” परीक्षकांनी हे नम्रता म्हणून घेतलं. ते वस्तुस्थितीचं वर्णन होतं, आणि प्रशिक्षणाला ते मोजता आलं नाही. त्याच तुकडीत एका नदीवरच्या मोहिमेला सर्वाधिक गुण मिळाले. सह्या भरपूर होत्या, नदीकाठच्या वस्तीत मात्र कोणाला ती मोहीम माहीत नव्हती. तुलना करायची नाही म्हटलं तरी होते.

वेगळं काय करता आलं असतं

सातबारा पहिल्या आठवड्यात बघायला हवा होता. राईची यादी करायची तर राई कोणाच्या नावावर आहे हे आधी कळायला हवं. उतारा ऑनलाइनही दिसतो, त्याला वेळ लागत नाही. तो आधी हातात असता तर ठेकेदाराचा विसार येण्यापूर्वीच समितीशी बोलणं झालं असतं, आणि शब्द मोडण्याचा पेचच आला नसता.

शेजारच्या खातेदारांना आम्ही सगळ्यांनीच नजरेआड केलं. हितसंबंधांच्या मांडणीत देवस्थान, मंडळ, ठेकेदार, वनखातं, पंचायत सगळे होते. रानाला लागून ज्यांची जमीन आहे ते दोघे नव्हते. एक ठाण्याला असतो, दुसऱ्या बाई गावातच, एकट्या. त्यांना औषधपाण्यासाठी पैसे हवे होते. त्यांच्याशी बोलणं झालं असतं तर तोड थांबलीच असती असं नाही. निदान वड आणि उंबर सोडून बाकीचं द्या, एवढं तरी सांगता आलं असतं. जळाऊ म्हणून वडाला असा काय भाव येतो?

बायकांचा प्रश्न राहून गेला. झऱ्यावर रोज जाणाऱ्या खालच्या वाडीतल्या बायका, आणि झऱ्याचा मुद्दा निघाला तो डोंबिवलीत, पुरुषांच्या सभेत. तिची ऊठबस काकींमुळे बायकांतच जास्त होती. त्यांना रस्त्याचा नकाशा आधी दाखवला असता तर विषय गावातच निघाला असता, कदाचित कमी कडवटपणे. मी हे तिला नंतर विचारलं. ती म्हणाली की तेव्हा आपल्याला पाणी हा वेगळ्या प्रकल्पाचा विषय वाटत होता. शिबिरात आम्ही विषय असेच वेगवेगळ्या गटांत वाटून दिले होते.

तिची सुरक्षितता हा मुद्दा कोणी लावून धरला नाही, कारण काही वाईट घडलं नाही. ठेकेदाराच्या माणसांनी एकदा तिला वाटेत थांबवून ‘कुठल्या संस्थेची’ म्हणून चौकशी केली होती. तिने ते आम्हाला दोन आठवड्यांनी सांगितलं. लाकडाच्या धंद्यात पैसा आहे. विद्यार्थ्याचा प्रकल्प यादीवरून तोडीवर सरकला की मार्गदर्शकाने त्याच आठवड्यात गावात जायला हवं, फोनवर भागवू नये. परीक्षेच्या महिन्यात हा ताण एकट्या मुलीवर पडला, याचाही हिशेब ठेवायला हवा. एका विषयात तिला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले.

चित्रफीत न टाकण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं, की गाव ऐकणारं निघालं म्हणून हे जमलं. समिती मुजोर असती तर शिमग्यापर्यंत थांबण्यात झाड गेलं असतं. मला वाटतं, म्हणूनच तक्रारीची तारीख आधी ठरवून ठेवणं आवश्यक होतं. त्या तारखेशिवाय ‘संवाद करू’ म्हणणं ही नुसती चालढकल ठरली असती. पण समितीला ही तारीख माहीत नव्हती, आणि ती सांगायला हवी होती का, हा त्या सहकाऱ्याचा प्रश्न मला टाळता येत नाही.

मूल्यमापनाचा तक्ता बदलला आहे. ‘पोहोच’ काढून टाकलेली नाही, तिच्या शेजारी ‘निर्णय कोणी घेतला आणि तो कोणाच्या ताब्यात राहिला’ असा रकाना आला आहे. तो भरताना मुलं अडखळतात, परीक्षकही. ‘विरोधक’ ही चौकट गेली आहे. लोकजैवविविधता नोंदवहीत राईची नवी नोंद घालण्याचा ठराव ग्रामसभेत झाला, त्यात झरा आहे, ढोलीची झाडं आहेत, पण ठिकाणं मुद्दाम मोघम ठेवली आहेत. शेजारच्या रानाबद्दल काहीच ठरलेलं नाही. त्या बाईंचा उरलेला तुकडा अजून उभा आहे आणि ठेकेदार दिवाळीत पुन्हा येऊन गेला. नव्या तुकडीतली दोन मुलं तिथे जाणार आहेत. त्यांचा पहिला आठवडा राईत नाही, तलाठी कार्यालयात आणि त्या बाईंच्या पडवीत जायचा आहे.